कागद आधी, कॉलेज नंतर: मुंबईतल्या मुलींसाठी शिष्यवृत्तीची वाट

गुण कमी पडले म्हणून शिष्यवृत्ती हुकते, असं पुष्कळ मुलींना वाटतं. वस्तीत फॉर्म भरायला मदत करताना मला दिसतं ते वेगळं. चांगले गुण असलेली मुलगी उत्पन्नाच्या दाखल्यावर अडकते. वडील घर सोडून गेलेत, म्हणून जातीचा दाखला निघत नाही. बँकेत खातं आहे, पण ते आईबरोबर जोडीने काढलेलं आहे. हे सगळं निस्तरेपर्यंत पोर्टल बंद होतं. म्हणून या लेखाची सुरुवात योजनांपासून न करता कागदांपासून करते आहे.

ज्या मुलीच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, तिच्यासाठी हे लिहिते आहे. आई चार घरची कामं करत असेल, वडील नाक्यावर उभे राहत असतील, किंवा दोघंही नसतील. तू गावाहून मुंबईत शिकायला आली असशील, किंवा लग्न लवकर झालं आणि आता पुन्हा शिकायचं असेल. आई, मावशी, शेजारची अंगणवाडीताई सोबत बसून वाचणार असेल तर फारच चांगलं.

पहिली पायरी: दाखले (बारावीच्या दिवाळीतच सुरुवात कर)

मुंबई शहरात राहत असशील तर जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टमधल्या जुन्या जकातघरात आहे. उपनगरात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत आणि तुझा पत्ता ज्या तालुक्यात येतो तिथल्या तहसील कार्यालयाशी तुझं काम. अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर घरून करता येतो किंवा सेतू केंद्रात जाऊन. पावती मात्र जपून ठेव. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मुळे प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे. ती उलटली तर तुला अपील करता येतं आणि त्या वेळी हातात पावती लागते.

सगळ्यात आधी उत्पन्नाचा दाखला. बहुतेक सगळ्या योजनांना तहसीलदाराचा दाखला लागतो. आईला पगाराची स्लिप मिळत नसेल तर घाबरू नकोस. घरकाम, फेरी, भाजीची पाटी असली कामं करणाऱ्यांना स्वयंघोषणापत्र देता येतं, रेशनकार्ड आणि वीजबिल जोडायचं, तलाठ्याकडून चौकशी होते. वडील वारले असतील तर मृत्यूचा दाखला जोड. ते सोडून गेले असतील आणि रेशनकार्डावर नाव अजून तसंच असेल, तर तिथे प्रश्न विचारले जातातच. अशा वेळी आईने अर्जासोबत साध्या भाषेत लिहून द्यावं की घर ती एकटी चालवते, आणि पोटगीचा दावा, पोलिसांतली तक्रार, कोर्टाचा कागद असं जे काही असेल त्याची प्रत लावावी. हे सांगायला तिला लाज वाटते. तू सोबत जा.

त्यानंतर अधिवास, म्हणजे डोमिसाइल. महाराष्ट्रात पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. भाड्याच्या खोल्या बदलत राहिलेल्या कुटुंबांकडे सलग पत्त्याचा पुरावा नसतो. तिथे तुझी शाळा कामाला येते. पहिलीपासूनच्या शाळांचे दाखले आणि बोनाफाइड गोळा केलेस की बरीचशी वर्षं त्यातच भरतात.

जातीच्या दाखल्यात मुंबईच्या मुली सर्वात जास्त अडतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधी तुझं कुटुंब कुठे राहत होतं, ते बघितलं जातं. तू जन्मली गोवंडीत, पण आजोबा तेव्हा बीडला किंवा जालन्याला असतील, तर दाखला तिकडून निघतो. म्हणजे आजोबांच्या शाळेचा जुना दाखला, गावनमुन्यातली नोंद, जन्म-मृत्यूचा उतारा हे शोधणं आलं. गणपतीला किंवा मे महिन्यात कुणी गावी जाणार असेल तर त्याच्याकडे हे काम आत्ताच सोपव. काका, आत्या किंवा चुलतभावाकडे जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीचा दाखला तपासून खरा ठरल्याचं प्रमाणपत्र, असेल तर त्याची प्रत मागून घे. रक्ताच्या नात्यातली वैधता पुराव्यात फार वजनदार ठरते. तुझीही वैधता व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशाला लागणार असेल, तर अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत अर्ज टाक.

आईवडिलांची जात वेगळी आहे आणि तुला एकट्या आईने वाढवलं, अशी परिस्थिती असेल तर एक गोष्ट लक्षात ठेव. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितलं आहे की मुलाची जात आपोआप बापाचीच धरता येणार नाही. मूल कुणाच्या समाजात वाढलं, त्याने काय सोसलं, हे पुराव्यावरून बघावं लागेल. खिडकीवर हे काम सहज होत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना मोफत वकील मिळतो, त्याची मदत घे.

आईवडील नसतील तर महिला व बाल विकास विभागाकडून अनाथ प्रमाणपत्र काढ. संस्थेत वाढलेल्या मुलींना ते मिळतं, आणि संस्थेबाहेर नातेवाइकांकडे वाढलेल्यांनाही. राज्यात अनाथांसाठी २०१८ पासून एक टक्का समांतर आरक्षण आहे आणि पुढे सांगते त्या फीमाफीतही त्यांचा समावेश आहे. संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलीने हे प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. बालन्याय कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेबाहेर पडल्यावरच्या आधाराची, तरतूद आहे. अधीक्षकांना त्याबद्दल लेखी विचार.

कुणी पाचशे रुपयांचा स्टॅम्प पेपर आणायला सांगितलं तर नम्रपणे नकार दे. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साधा कागद चालतो. कॉलेजच्या फॉर्मला लावायच्या झेरॉक्सवर तुझी स्वतःची सही पुरते.

दुसरी पायरी: खातं आणि मोबाइल नंबर तुझाच हवा

सरकारी शिष्यवृत्ती थेट खात्यात जमा होते आणि खातं शोधलं जातं ते आधार क्रमांकावरून. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे काम झालं असं होत नाही. खातं आधारशी डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, जोडलंय का, हे आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये बघ. एका वेळी एकच खातं तसं जोडलेलं असतं. नंतर दुसरीकडे खातं काढून तिथे जोडणी केलीस तर पैसे तिकडे वळतात आणि मुली जुन्या पासबुकात एन्ट्री शोधत बसतात. लाडकी बहीण योजनेच्या वेळी घरोघरच्या आयांची खाती जोडून झाली, मुलींची राहून गेली. अठरा पूर्ण झाल्यावर अज्ञानाचं, म्हणजे अठराच्या आत काढलेलं, खातं सज्ञान करून घ्यायलाही विसरू नकोस. जवळ बँक नसेल तर पोस्टात, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेत हे काम होतं.

मोबाइलचा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आधारला भावाचा किंवा काकांचा नंबर जोडलेला असेल, तर प्रत्येक ओटीपी त्यांच्या हातात. घरात भांडण झालं, लग्नाचा विषय निघाला, की तुझं शिक्षण त्या एका फोनवर थांबतं. आधार सेवा केंद्रात स्वतः जाऊन तुझा नंबर जोडून घे. मूळ कागद एका पिशवीत आणि त्यांचे फोटो तुझ्या ईमेलमध्ये ठेव. कागद घरात सुरक्षित राहणार नाहीत अशी भीती असेल तर शिक्षिकेकडे किंवा मावशीकडे ठेव.

लग्न झालेलं असेल तर शिक्षण संपेपर्यंत आधारवर मार्कशीटवरचंच नाव राहू दे. आधीच बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नाव बदलाची नोंद जवळ ठेव. मध्ये वर्षं गेली असतील तर गॅप सर्टिफिकेट लागतं.

तिसरी पायरी: प्रवेश घेण्याआधी हे विचार

इथे चूक झाली तर पुढे कुणीच फारसं काही करू शकत नाही, म्हणून सावकाश वाच.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ते निम्मं माफ होतं. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत हवं. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या स्तरावर घेतलेल्या प्रवेशाला माफी नाही. खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठंही यातून वगळलेली आहेत. म्हणून कॅपच्या पहिल्या फेरीत मनासारखं कॉलेज मिळालं नाही आणि एखादं ऑफिस ‘आज पैसे भरा, सीट पक्की’ म्हणालं, तरी पुढच्या फेऱ्या संपेपर्यंत थांब. अनुसूचित जाती, जमाती आणि विमुक्त-भटक्यांसाठी शुल्काच्या स्वतंत्र योजना आधीपासून आहेत.

माफी शिक्षण शुल्काला आणि परीक्षा शुल्काला आहे. विकास शुल्क, अनामत, जिमखाना, वसतिगृह, खाणावळ हे उरतंच. व्यावसायिक कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघायला मिळते. त्यातले आकडे वेगवेगळे लिहून घे आणि तुला नेमकं किती भरायचंय ते कॉलेजकडून लेखी घे. पात्र मुलीकडून आधी पूर्ण फी मागितली, तर प्राचार्यांना शासन निर्णयाची प्रत जोडून अर्ज दे आणि त्याची पोच घे. तोंडी वाद घालून उपयोग होत नाही.

बीए, बीकॉम, बीएस्सी करणार असशील तर तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे विचार. मुंबईत एकाच कॉलेजात सकाळी अनुदानित बीकॉम आणि दुपारी सेल्फ फायनान्सचे अभ्यासक्रम चालतात, आणि फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. महाडीबीटीच्या, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या, यादीत तुझं कॉलेज आणि तोच अभ्यासक्रम दिसतोय का, हे पैसे भरण्याआधी तपास. एसएनडीटी महिला विद्यापीठाकडेही जरूर बघ. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये ते मुलींसाठीच सुरू केलं आणि चर्चगेट व जुहू इथे त्याची संकुलं आहेत. दिवसा नोकरी करावीच लागणार असेल तर मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ हाही खरा पर्याय आहे, त्यात काही कमीपणा नाही.

चौथी पायरी: तुझ्या परिस्थितीला कोणतं दार

राज्याच्या बहुतेक योजना महाडीबीटी पोर्टलवर आहेत. अनुसूचित जातीच्या मुलींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्न मर्यादा अडीच लाख. त्यावर उत्पन्न असेल तर फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी, बघ. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, मर्यादा ८ लाख. अल्पसंख्याक मुलींसाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे, तीही तिथेच.

केंद्राच्या योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. इंजिनिअरिंग किंवा पॉलिटेक्निकच्या मुलींसाठी एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) ‘प्रगती’: वर्षाला ५० हजार, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असेल तर ‘सक्षम’. अनाथ मुलींसाठी, आई किंवा वडील कोविडने गेले त्यांच्यासाठी ‘स्वनाथ’, तीही ५० हजार. साध्या पदवीसाठी केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती आहे. बारावीला तुझ्या बोर्डात वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये असशील आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर पदवीच्या तीन वर्षांत वर्षाला १२ हजार आणि पदव्युत्तरला २० हजार मिळतात. निम्म्या जागा मुलींसाठी आहेत. परप्रांतातून आलेल्या कुटुंबातल्या ज्या मुलींना महाराष्ट्राचा अधिवास किंवा जातीचा लाभ मिळत नाही, त्यांनी या केंद्रीय योजना आधी बघाव्यात.

एक दार हमखास विसरलं जातं. आई किंवा वडील बांधकामावर असतील, बिगारी, गवंडी, रंगारी, फरशीवाले, आणि महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्यांची नोंदणी असेल, तर पहिल्या दोन मुलांना शिक्षणासाठी मदत आहे: पदवीला वर्षाला २० हजार, इंजिनिअरिंगला ६० हजार, वैद्यकीयला १ लाख. नोंदणीसाठी आदल्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार तो द्यायला टाळाटाळ करतो; मग नाक्यावरची संघटना किंवा युनियन गाठ. कारखान्यात, दुकानात नोकरी असेल तर जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगार कल्याण निधी कापला जातो का ते बघ. कापला जात असेल तर त्या मंडळाचीही पाल्यांसाठी शिष्यवृत्ती आहे.

फोनवर फिरणाऱ्या याद्यांवर विसंबू नकोस. बेगम हजरत महल शिष्यवृत्तीचं नाव अजून त्यात असतं; ती देणारी मौलाना आझाद फाउंडेशन ही संस्थाच बंद करण्याचा आदेश फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. योजना पोर्टलवर चालू वर्षाची दिसते का, तेवढंच खरं.

पाचवी पायरी: फॉर्म

महाडीबीटीवर आधारने नोंदणी कर, प्रोफाइल पूर्ण भर, मग पात्र योजना दिसतात. राष्ट्रीय पोर्टलवर एकदाच नोंदणी असते आणि चेहरा पडताळून क्रमांक मिळतो, तो जपून ठेव. नाव, जन्मतारीख, आईचं नाव आधार आणि मार्कशीटवर अक्षरन् अक्षर सारखं हवं. फाइलचा आकार मोठा झाला की अपलोड होत नाही. सायबर कॅफेवाल्याकडून लहान करून घे, पण पासवर्ड त्याच्या वहीत ठेवू नकोस.

फॉर्म सबमिट केल्यावर काम अर्धंच झालेलं असतं. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून विभागाकडे. त्रुटी निघाली तर ‘सेंड बॅक’ होऊन परत येतो आणि ठरलेल्या दिवसांत दुरुस्त केला नाही तर तिथेच मरतो. म्हणून आठवड्यातून एकदा स्थिती बघ. कॉलेजात शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या क्लार्कचं नाव पहिल्याच आठवड्यात माहीत करून घे. त्यांच्याकडे शेकडो अर्ज असतात. ज्या मुलीचा चेहरा आणि अर्ज क्रमांक त्यांना ठाऊक असतो, तिची त्रुटी वेळेत कळते. एकाच खर्चासाठी दोन सरकारी शिष्यवृत्त्या सहसा घेता येत नाहीत, त्यामुळे रकमा शेजारी-शेजारी मांडून मग निवड.

सहावी पायरी: पैसे येईपर्यंत

शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात. प्रवेश पावसाळ्यात, रक्कम अनेकदा वर्ष संपता-संपता, कधी त्याहूनही मागे. मुली कॉलेज सोडतात त्या याच मधल्या महिन्यांत, आणि त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. पास, पुस्तकं, डबा, झेरॉक्स, प्रयोगवही यांचा सहा महिन्यांचा हिशेब घरी बसून मांड. कॉलेजातून रेल्वे कन्सेशनचा फॉर्म घेतलास की लोकलचा पास निम्म्यात येतो. कॉलेजच्या ग्रंथालयातली पुस्तकपेढी आणि विद्यार्थी सहाय्य निधी यांची चौकशी कर. प्राचार्यांना लिहून मागितलं तर फीचे हप्ते पाडून मिळतात. काही योजनांत शुल्काची रक्कम तुझ्या खात्यात येते आणि ती तू कॉलेजला भरायची असते. त्या पैशांना घरच्या अडचणीत हात लावू देऊ नकोस. नाही म्हणणं जड जातं, तरी म्हण.

गावाहून मुंबईत आली असशील तर आधी शासकीय मुलींच्या वसतिगृहाला अर्ज कर. जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, आदिवासी मुलींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् आणि इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मुंबईत यांची रक्कम वर्षाला ६० हजार: जेवणाला ३२, राहण्याला २०, बाकी खर्चाला ८ हजार. मुंबईचीच रहिवासी असलेल्या मुलीला ही मदत मिळत नाही.

सातवी पायरी: खासगी मदत

दहावीनंतरच्या मुंबई महानगर परिसरातल्या मुलांसाठी कोटक ज्युनियर शिष्यवृत्ती आहे. बारावीनंतर नामांकित संस्थेत व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालेल्या मुलींसाठी कोटक कन्या, वर्षाला दीड लाख. रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती पूर्ण अभ्यासक्रमासाठी २ लाखांपर्यंत, त्याला परीक्षा द्यावी लागते. इंजिनिअरिंगच्या मुलींसाठी मुंबईतून सुरू झालेली कॅटलिस्ट ही संस्था पैशासोबत लॅपटॉप आणि मार्गदर्शक ताईही देते. ज्या घरात कामाच्या जगातलं ओळखीचं कुणी नाही, तिथे ती ताई पैशापेक्षाही जास्त उपयोगी पडते, असं मला वाटतं.

यांच्या अर्जात स्वतःबद्दल लिहावं लागतं. मोठे शब्द नकोत, दया मागणारी भाषाही नको. घरात किती माणसं, किती मिळकत, तू सकाळी उठून काय-काय करतेस, अभ्यास कुठे बसून करतेस आणि हेच शिक्षण का हवंय, एवढं खरंखरं लिही. मराठीत आधी लिही, मग कुणाकडून इंग्रजी करून घे. मुलाखत फोनवर असेल तर शांत जागा शोधून ठेव; शाळेतल्या बाई वर्ग उघडून देतात.

अर्जासाठी पैसे मागणारा फसवा आहे असंच धर. सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीच्या अर्जाला शुल्क नाही. ‘मंजूर झाली, जीएसटी भरा’ असा फोन आला तर ओटीपी देऊ नकोस. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळव. आणि घरचे शिक्षण थांबवून लग्न लावू पाहत असतील तर अठरापर्यंत १०९८ आणि त्यानंतर १८१ हे क्रमांक तुझ्यासाठीच आहेत.

दरवर्षी पुन्हा

शिष्यवृत्ती आपोआप पुढे चालू राहत नाही. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो, त्याला आधीच्या वर्षाची मार्कशीट लागते. एखादा विषय राहिला तर लपवू नकोस, त्या योजनेत एटीकेटी, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्षात जाणं, चालते का ते क्लार्कला विचार. उत्पन्नाचा एक वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो, त्यामुळे नवा दाखला एप्रिलमध्येच टाक. जूनमध्ये सेतूसमोर अख्ख्या मुंबईची रांग लागलेली असते.